जिनिव्हाच्या टेकडीवरील महामंदिर

आमच्या देवळात, धर्मगुरू जेथे मिस्सेची वस्त्रे परिधान करतात त्या लहानशा खोलीत, एक जुनी तसबीर टांगलेली आहे. विरळ केसांचे मस्तक, लांब दाढी, छातीवर क्रूस आणि हातात लेखणी. खाली अक्षरे आहेत : संत फ्रान्सिस द सेल्स, जिनिव्हाचे बिशप. लहानपणी वेदीसेवेसाठी आम्ही त्या खोलीत जात असू, तेव्हा ती अक्षरे शेकडो वेळा वाचली असतील. आणि दर वेळी मनात एकच शंका येई, की जिनिव्हाच्या बिशपांचे बुलढाण्यात काय काम? फादरांस विचारले तर "मोठा हो, मग कळेल" एवढेच उत्तर मिळे. आता सुवर्णमहोत्सवाच्या स्मरणिकेसाठी आपल्या ख्रिस्तसभेचा पूर्वेतिहास लिहून द्यावा अशी चालकांची आज्ञा झाली आहे, आणि योगायोग असा की, गतवर्षीच आम्हांस खुद्द जिनिव्हा पाहण्याचा प्रसंग आला. सबब देवळाच्या विटांचा व पत्र्यांचा हिशेब दुसऱ्या कोणी द्यावा. आम्ही त्या तसबिरीखालील अक्षरांचा माग घेतो.

प्रथम आपली वंशावळ. आपला जिल्हा अमरावती धर्मप्रांतात मोडतो. हा धर्मप्रांत १९५५ साली झाला; त्यापूर्वी वऱ्हाड नागपूरच्या बिशपांच्या छत्राखाली होता. नागपूरचा धर्मप्रांत १८८७ चा, आणि तेथील कॅथीड्रल याच संत फ्रान्सिसांच्या नावाचे. नागपूरचे पहिले बिशप अलेक्सी रिकाज आणि त्यांच्यामागून आलेले कोप्पेल, गाये प्रभृती बिशप हे सर्व एकाच संघाचे. त्या संघाचे नाव संत फ्रान्सिस द सेल्स यांचा मिशनरी संघ. फादर पिएर मेर्मिये यांनी तो १८३८ साली सावोय प्रांतात, आन्सीच्या धर्मप्रांतात स्थापिला. त्याचे पहिले मिशनरी १८४५ साली पाँडिचेरीस उतरले, तेथून विशाखापट्टणास गेले, आणि पुढे नागपूर, वऱ्हाड व मराठवाड्यातील घोगरगावसारख्या आडगावांपर्यंत त्यांची पावले पोहोचली. आन्सी हे जिनिव्हापासून सुमारे चाळीस किलोमीटरवर आहे. तेव्हा बिशप जिनिव्हाचे असता त्यांचा संघ आन्सीस का, हा प्रश्न उरतो. आणि त्याचे उत्तर त्या टेकडीवर आहे.

आता थोडे घरचे सांगितले पाहिजे, त्यावाचून पुढील हकिगत कळावयाची नाही. आमच्या सौभाग्यवतींचे माहेर अलायन्स मंडळीचे. अकोला, खामगाव, बुलढाणा, चिखली या बाजूस या मंडळीचे काम जुने आहे, आणि आपल्यापैकी कित्येकांच्या सोयरिकी त्या घरांशी झालेल्या आहेत. आमचे लग्न झाले तेव्हा सासरे लग्नास आले, अक्षता-आहेर सर्व यथासांग केले. परंतु मिस्सेच्या वेळी ते देवळात आले नाहीत. बाहेर निंबाखाली टोपी हातात घेऊन उभे राहिले. पुढे काही वर्षांनी ते वारले, तेव्हा आमच्या मातोश्री अंत्ययात्रेबरोबर पायी गेल्या; पण त्यांच्या मंडळीच्या मंदिरात उपासना चालू असता त्या फाटकाबाहेर जप करीत बसल्या. कोणी कोणास वाईट शब्द बोलले नाही. दोन्हीकडची माणसे भली होती, आणि दोन्हीकडच्यांस आपण देवाचीच मर्यादा पाळीत आहोत असे वाटत होते. मात्र सौभाग्यवतींनी ती दोन्ही दृश्ये पाहिली होती.

मेहुण्यांची कन्या जिनिव्हा येथे परिचारिका आहे. तिला भेटावयास मेहुणे निघाले, तेव्हा आम्हां उभयतांसही त्यांनी बरोबर घेतले. मलकापूर स्टेशनावर गाडीत बसताना मेहुणे म्हणाले, "दाजी, तुमचे संत तिकडचे, तसे आमचे काल्विनही तिकडचेच. भांडण होणार नाही ना?" आम्ही म्हटले, "भांडण चारशे वर्षे झाले. आता पाहून येऊ."

जिनिव्हा नगर सरोवराच्या टोकाशी वसले आहे. रोन नदी तेथे सरोवरातून बाहेर पडते, आणि तिच्या दक्षिणेस उतरत्या छपरांच्या घरांनी गच्च भरलेली एक टेकडी आहे. तिच्या माथ्यावर संत पेत्राचे महामंदिर. दोन चौकोनी बुरूज आणि मध्ये हिरवट तांब्याचा निमुळता कळस, असे ते दुरूनच दिसते. खरे सांगावयाचे तर टेकडी म्हणून तिची उंची आम्हां घाटावरील लोकांस फारशी वाटली नाही. समुद्रसपाटीपासून ती चारशे मीटरांच्या किंचित वर, आणि आपले बुलढाणे साडेसहाशेच्या घरात. राजूर घाट चढून येणाऱ्यास ती टेकडी म्हणजे एक वळण. परंतु दगडी फरसबंदीच्या अरुंद गल्ल्यांतून वर जाताना दम लागला हेही खरे.

तो रविवार होता. सकाळी आम्ही व सौभाग्यवतींनी स्टेशनाजवळच्या आमच्या मातेच्या देवळात मिस्सा ऐकली. हे देऊळ १८५२ ते १८५७ या वर्षांत नगराचा जुना तट पाडून मोकळ्या झालेल्या जागेवर कॅथॉलिकांनी बांधले. टेकडीवरचे मोठे मंदिर हातचे गेल्यामुळे तटाच्या जागेवर, म्हणजे जुन्या नगराच्या वेशीवर, त्यांना जागा मिळाली. मेहुण्यांस मात्र टेकडीवरच्या दहाच्या उपासनेस जावयाचे होते. आम्ही तिघे व भाची असे वर पोहोचलो, तो घंटा सुरू झाल्या होत्या. त्यांतील थोरली घंटा क्लेमांस नावाची. ते नाव १४०७ पासूनचे.

मंदिराचे मुख पाहून मनुष्य चकित होतो, कारण ते मंदिराशी जुळत नाही. मागची वास्तू सुमारे ११६० साली आरंभिलेली, म्हणजे देवगिरीचे यादव अजून स्वतंत्र व्हावयाचे होते तेव्हाची. आणि पुढे मात्र रोमन देवालयासारखे उंच खांब व त्रिकोणी माथा. जुना दर्शनी भाग ढासळू लागला म्हणून अठराव्या शतकात, १७५२ नंतरच्या चार-पाच वर्षांत, हा नवा जोडला गेला. आम्हांस तर मुंबईच्या टाउन हॉलची आठवण झाली. एखाद्या जुन्या वऱ्हाडी वाड्यास कलेक्टर कचेरीचे दार बसवावे तसा तो प्रकार आहे, आणि तो आमच्या मनास रुचला नाही.

त्या खांबांपाशी आमची पावले थांबली. आत उपासना सुरू होत होती. ती आमची नव्हती. आत जावे की संपेपर्यंत बाहेर थांबावे, याचा आम्ही विचार करू लागलो. मातोश्री असत्या तर त्या बाहेरच थांबल्या असत्या, यात शंका नाही. मेहुणेही आमच्याकडे पाहत उभे राहिले. "चला" म्हणावे की न म्हणावे, हे त्यांस कळेना. इतक्यात सौभाग्यवती पदर सावरून कोणाशी काही न बोलता आत गेल्या. त्यांच्या मागोमाग आम्ही सर्व.

आत शिरताच पहिली गोष्ट जाणवली ती रितेपणा. उंच राखाडी दगडाचे खांब, वर टोकदार कमानी, आणि भिंती उघड्या. मूर्ती नाही, चित्र नाही, पवित्र साक्रामेंताचा दिवा नाही. पूर्वेकडे रंगीत काचांतून प्रकाश येतो, पण ज्या वेदीवर तो पडावयाचा ती मुख्य वेदी नाही. आपण सवयीने गुडघा टेकावयास जातो आणि कोणासमोर टेकावा हे कळत नाही. मात्र खांबांच्या शिरोभागी नजर गेली म्हणजे जुने दिवस दिसू लागतात. तेथे देवदूत, पशू, पर्णे आणि बायबलातील प्रसंग दगडात कोरलेले आहेत. ते हाताच्या टप्प्याबाहेर असल्यामुळे म्हणा, किंवा पूजेची वस्तू नव्हेत म्हणून म्हणा, शाबूत राहिले.

वाद्याचे सूर उठले, आणि मेहुण्यांनी आमचा हात दाबला. ती चाल त्यांच्या ओळखीची होती. इंग्रज लोक जिला जुन्या शंभराव्या स्तोत्राची चाल म्हणतात ती ही. आमचे सासरे ती दर रविवारी मराठी शब्दांवर गात. ही चाल १५५१ साली याच नगरातील स्तोत्रसंग्रहात प्रसिद्ध झाली, हे भाचीने मागाहून सांगितले. बुलढाण्याच्या निंबाखाली उभ्या राहिलेल्या मनुष्याच्या ओठांवर जी चाल होती ती या टेकडीवरून आली होती. सौभाग्यवतींनी डोळ्यांस पदर लावला. आम्हांस फ्रेंच प्रवचनातील एक अक्षर कळले नाही, तथापि उठून जावेसे वाटले नाही.

हे मंदिर रिते कसे झाले, हे आता सांगितले पाहिजे. आणि सांगताना आपल्या बाजूचा दोष झाकू नये, असे आमचे मत आहे. जिनिव्हाचे बिशप हे नुसते धर्मगुरू नव्हते, नगराचे राजेही होते. शेजारच्या सावोयच्या राजघराण्याने ते पद हळूहळू आपल्या घरातलेच करून टाकले. १४५१ साली त्या घराण्यातील आठ वर्षांच्या बालकास बिशप नेमण्यात आले, यावरून काय ती कल्पना करावी. नगरवासीयांस सावोयचे जू नको होते, आणि बिशप म्हणजे सावोयचा हस्तक असे त्यांचे समीकरण होऊन बसले. १५३३ साली बिशप पिएर द ला बोम नगर सोडून गेले. ८ ऑगस्ट १५३५ रोजी सुधारणावादी उपदेशक फारेल यांनी या मंदिरात शिरून प्रवचन केले. त्या दिवसांत लोकांनी मूर्ती फोडल्या, वेद्या पाडल्या. आणि १० तारखेस नगरसभेने मिस्सा बंद केली. पुढच्या वर्षीच्या मे महिन्यात सर्व नागरिकांनी एकत्र येऊन नवे मत स्वीकारले. काल्विन हे सत्तावीस वर्षांचे फ्रेंच विद्वान त्याच वर्षी तेथे आले. मध्यंतरी तीन वर्षे त्यांनाही लोकांनी हाकलून दिले होते, पण १५४१ पासून १५६४ साली देहावसान होईपर्यंत ते येथे उपदेश करीत राहिले.

त्यांची म्हणून दाखवितात ती लाकडी खुर्ची मंदिरात ठेवलेली आहे. साधी, सरळ पाठीची, बसावयास मुळीच सुखाची नसावी अशी. मेहुणे तिच्यापाशी पुष्कळ वेळ उभे होते. आमच्या मनात आले, कॅथीड्रल हा शब्दच मुळी आसन या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून आला. बिशपांचे आसन जेथे, ते कॅथीड्रल. येथे बिशपांचे आसन गेले आणि काल्विनची खुर्ची राहिली; तरी लोक या मंदिरास अजून कॅथीड्रलच म्हणतात. भाषा माणसांइतकी लवकर पक्ष बदलीत नाही. बाजूला एक कोरीव प्रार्थनागृह आहे, मक्काबींचे म्हणून. ते पंधराव्या शतकाच्या आरंभी एका कार्डिनलाने बांधविले. धर्मसुधारणेनंतर तेथे मिठाची पोती व बंदुकीची दारू ठेवीत, पुढे त्यात विद्यालयाचे वर्ग भरत. आता ते दुरुस्त केले आहे आणि छतावरील वाद्ये वाजविणारे देवदूत पुन्हा रंगविले आहेत.

मिस्सा बंद झाली ती १५३५ साली. त्यानंतर या मंदिरात पुन्हा मिस्सा झाली ती ५ मार्च २०२२ रोजी. मध्ये चारशे सत्त्याऐंशी वर्षे लोटली होती. विशेष हे की, तिचे निमंत्रण तेथील प्रॉटेस्टंट मंडळीनेच दिले होते. ती प्रथम २९ फेब्रुवारी २०२० रोजी व्हावयाची होती. परंतु त्याच सुमारास कोरोनाच्या साथीमुळे मोठ्या जमावांस बंदी झाली आणि मिस्सा पुढे गेली. भाची त्या २०२२ च्या मिस्सेस हजर नव्हती, तेव्हा तिच्याकडून अधिक काही कळले नाही. पण तिने आम्हांस जेथे वेदी मांडली असेल ती जागा अंदाजाने दाखविली, आणि तेथे आम्ही तिघांनी 'आमच्या स्वर्गातील पित्या' ही प्रार्थना मराठीत म्हटली. शेवटचे वाक्य मेहुण्यांच्या पद्धतीत आहे, आपल्या पद्धतीत त्या ठिकाणी नाही. तेथे आम्ही थांबलो आणि ते एकटेच पुढे म्हणाले.

दुपारी आम्ही मंदिराच्या पोटात उतरलो. १९७६ पासून अनेक वर्षे येथे उत्खनन झाले आणि आता ते लोकांस पाहावयास खुले आहे. खाली दिव्यांच्या मंद प्रकाशात भिंतींवर भिंती दिसतात. सर्वांत खाली ख्रिस्तपूर्व काळातील एका गालिक सरदाराचे थडगे, त्यावर चौथ्या शतकापासूनची देवळे, बिशपांच्या दिवाणखान्याची रंगीत खड्यांची जमीन, आणि बाप्तिस्मागृह. या बाप्तिस्मागृहापाशी मेहुणे हर्षभरित झाले. त्यांच्या मंडळीत जाणत्या वयात, पाण्यात बुडवून बाप्तिस्मा देतात, हे वाचकांस ठाऊक आहे. "पाहा दाजी," ते म्हणाले, "हौद आहे हौद! डोक्यावर शिंपडावयाची वाटी नव्हे." आम्ही माहितीचा फलक भाचीकडून वाचवून घेतला, तो त्यात लिहिलेले, की ते अष्टकोनी कुंड कालांतराने लहान लहान करण्यात आले. "आणि हे पाहा दादा," आम्ही म्हटले, "शेजारीच बिशपांची गादी." दोघेही हसलो. इतर प्रवासी वळून पाहू लागले, म्हणून सौभाग्यवतींनी आम्हां दोघांस दटावले.

पण हसणे ओसरल्यावर तेथून पाय निघेना. आमचा समज असा होता की, या टेकडीचा इतिहास १५३५ पासून सुरू होतो. आपण तेथून बाहेर घातलेले, आणि मेहुण्यांचे लोक तेथे राहिलेले. येथे पाहतो तो त्यापूर्वीची हजार-बाराशे वर्षे एकाच कुंडात बाप्तिस्मा घेतलेली.

बुरुजाच्या एकशे सत्तावन्न पायऱ्या चढून वर गेलो. सौभाग्यवतींचे गुडघे दुखत असल्याने त्या खाली बसल्या. वरून सरोवर, त्यातील उंच उडणारे कारंजे, वायव्येस जुरा पर्वताची रांग, आणि दक्षिणेस सालेव्हचा कडा अगदी हाताशी आल्यासारखा. तो कडा फ्रान्समध्ये आहे. त्याच्या पलीकडे सावोय, आन्सी, आणि आपले संत.

संत फ्रान्सिस यांचा जन्म १५६७ साली सावोयातील थोरां गावच्या सेल्स वाड्यात झाला, काल्विनच्या मृत्यूनंतर तीन वर्षांनी. त्यांच्या जन्मापूर्वीच जिनिव्हाचे बिशप व त्यांचे धर्मगुरुमंडळ आन्सीस आश्रयाला राहत होते. पदवी जिनिव्हाची, मुक्काम आन्सीस. ते १५९३ साली धर्मगुरू झाले आणि त्याच सुमारास मंडळाचे प्रमुख म्हणून केलेल्या भाषणात त्यांनी सांगितले, की जिनिव्हाचे तट तोफांनी नव्हे, प्रीतीने, प्रार्थनेने व उपवासाने पाडावयाचे आहेत. दुसऱ्या वर्षी ते सरोवराच्या दक्षिणतीरी शाब्ले प्रांतात गेले. तो प्रांत साठ वर्षांपासून प्रॉटेस्टंट होता. लोक प्रवचनास येईनात, तेव्हा ते पत्रके लिहून घरांच्या दारांखालून सरकवीत. म्हणूनच १९२३ साली परमगुरू पायस अकरावे यांनी त्यांस लेखक व पत्रकारांचे आश्रयदाते ठरविले, आणि म्हणूनच आमच्या तसबिरीत त्यांच्या हाती लेखणी आहे. १५९८ साली, म्हणजे ज्या वर्षी आपल्या जिल्ह्यात सिंदखेडराजा येथे जिजाऊंचा जन्म झाला त्याच वर्षी, शाब्लेच्या थोनों नगरात चाळीस तासांची आराधना झाली आणि प्रांत पुन्हा कॅथॉलिक झाला. चरित्रकार येथे संतांच्या गोडीचेच वर्णन करतात. ती गोडी खरी होती. पण सावोयच्या ड्यूकचे हुकूमही त्या कार्यामागे होते, आणि प्रॉटेस्टंट उपदेशकांस प्रांताबाहेर जावे लागले, हेही खरे आहे. मेहुण्यांनी बुरुजावर हा प्रश्न विचारला आणि आम्ही त्यांस हेच उत्तर दिले.

८ डिसेंबर १६०२ रोजी थोरांच्या देवळात फ्रान्सिस यांचा जिनिव्हाचे बिशप म्हणून अभिषेक झाला. जेमतेम पंधरवडा गेला नाही तो ड्यूकच्या सैन्याने रात्री शिड्या लावून जिनिव्हाच्या तटावर हल्ला केला, आणि नागरिकांनी तो परतवला. एका बाईने चुलीवरील कढत सारासह भांडे शिपायाच्या डोक्यावर ओतले अशी कथा आहे. अजून दर डिसेंबरात तेथे चॉकलेटची भांडी करून फोडतात. या हल्ल्याची तारीख तेथे ११-१२ डिसेंबर अशी सांगतात, तर सावोयच्या पंचांगाप्रमाणे ती २१-२२. कारण परमगुरू ग्रेगरी यांनी सुधारलेले पंचांग जिनिव्हाने १७०१ पर्यंत मान्य केले नाही. ज्यांचे आजची तिथी कोणती यावरही एकमत नव्हते, त्या लोकांत त्या रात्रीनंतर समेट कसा व्हावा? नव्या बिशपांच्या प्रीतीच्या मार्गावर ड्यूकच्या शिड्यांनी पाणी ओतले. १६२२ साली लिओं येथे देह ठेवीपर्यंत वीस वर्षे ते जिनिव्हाचे बिशप होते, आणि त्या टेकडीवरील आपल्या आसनावर ते एक दिवसही बसले नाहीत.

म्हणून आन्सी. तेथे फ्रान्सिस्कन बंधूंच्या एका बेताच्या देवळात ते मिस्सा करीत. त्यालाच नाव संत पेत्राचे, जिनिव्हाच्या मंदिरासारखे. ते रीतसर कॅथीड्रल झाले १८२२ मध्ये, दोनशे वर्षांनी. आम्ही ते दुसऱ्या दिवशी पाहिले. कळस नाही, बुरूज नाही. गल्लीतून जाताना चुकून पुढे निघून जावे असे साधे. वडीलधारी माणसे सांगत की, आपल्याकडे पहिल्या मिस्सा ओसरीवर, पत्र्याच्या पेटीवर पांढरे वस्त्र अंथरून होत. आम्हांस लहानपणी त्याची थोडी लाज वाटे, कारण शेजारच्यांकडे मंदिर होते. आन्सीच्या त्या देवळात बसलो असता ती ओसरी आठवली. आपल्या मिशनऱ्यांचे आद्य पुरुषच पाहुण्याच्या घरी वेदी मांडून राहिलेले. तेथेच त्यांनी भक्तिमय जीवनावरील आपला प्रसिद्ध ग्रंथ लिहिला आणि १६१० साली संत जान द शांताल यांच्यासह भेटीच्या भगिनींचा संघ काढला.

आता मेहुण्यांची बाजू, कारण तीही आपल्या जिल्ह्याचाच इतिहास आहे. स्कॉटलंडचे नॉक्स काही वर्षे जिनिव्हास राहिले व महामंदिराच्या शेजारच्या सभागृहात निर्वासित इंग्रजांस उपदेश करीत. त्यांच्या परंपरेतील हिस्लॉप १८४५ साली नागपुरास आले. त्याच वर्षी, आपण पाहिले, आन्सीचे फादर पाँडिचेरीस उतरले. अलायन्सचे संस्थापक सिम्प्सन हे कानडातील स्कॉटिश घराण्याचे व आरंभी त्याच प्रेस्बिटेरियन परंपरेचे उपदेशक. त्यांची अलायन्स १८८७ साली उभी राहिली, आणि नागपूरचा धर्मप्रांतही १८८७ चाच. हा हिशेब आम्ही आगगाडीत कागदावर मांडला, तेव्हा मेहुणे कागद हाती घेऊन पुष्कळ वेळ पाहत बसले. मग म्हणाले, "म्हणजे आबा बाहेर उभे राहिले, आणि तुमच्या आई बाहेर बसल्या, ते दोघेही एकाच टेकडीवरून खाली आलेले." आम्हांस यावर काही बोलता आले नाही.

आन्सीत नगरावर एका उतारावर भेटीच्या भगिनींची बॅसिलिका आहे. संतांचे व संत जान यांचे अवशेष तेथे ठेवलेले आहेत. आम्ही गुडघे टेकले. मेहुणे मागे बाकावर बसले होते. बाहेर आल्यावर त्यांनी विचारले, "दाजी, या सत्पुरुषाने ते मंदिर निदान आतून पाहिले तरी होते काय?" आम्हांस जे ठाऊक होते ते सांगितले. १५९७ साली ते परमगुरूंच्या आज्ञेवरून गुप्तपणे जिनिव्हात गेले व काल्विनचे वृद्ध उत्तराधिकारी बेझा यांच्याशी त्यांच्या घरी बोलले. मने जुळली, मते जुळली नाहीत. पुढे १६०९ साली नदीला पूर आल्याने इतर मार्ग बंद झाले, तेव्हा ते उघडपणे नगरातून गेले. वेशीवरच्या पहारेकऱ्याने कोण जातो म्हणून विचारले. उत्तर मिळाले, या धर्मप्रांताचे बिशप. पहारेकऱ्याने ते तसेच वहीत लिहून घेतले आणि त्यांस जाऊ दिले, अशी हकिगत चरित्रकार देतात. ते एका वेशीतून आत आले आणि दुसरीतून बाहेर पडले.

"आणि टेकडीवर?" मेहुण्यांनी विचारले.

टेकडीवर गेल्याचे त्या हकिगतीत नाही, असे आम्ही म्हटले.

परत आल्यावर आम्ही ती तसबीर भिंतीवरून उतरवून पुसली. काच कोपऱ्यात तडकलेली आहे, आणि वाळवीने चौकट पोखरली आहे. महोत्सवापूर्वी ती बदलली पाहिजे. तसल्या मापाची काच येथे मिळाली नाही. मेहुण्यांनी ती खामगावहून करवून आणण्याचे अंगावर घेतले असून, महोत्सवाच्या दिवशी ती घेऊन ते स्वतः येणार आहेत.